हिंमतरावांची शपथ

"मत फक्त बायांनाच हाय, हिंमतराव," कल्याणप्पानं दुसऱ्यांदा सांगितलं. "आपण नुसतं बघायचं."

हिंमतरावांनी शेवभाजीत बुडवलेला भाकरीचा तुकडा तसाच हातात राहिला. बेंबळीच्या रस्त्यावरचं कल्याणप्पाचं हे परमिट रूम म्हणजे वीस वर्षं त्यांचं दुसरं घर. लिंबाखालचं टेबल, एक गार बिअर, काळ्या मसाल्याची शेवभाजी, कडक भाकरी. रोज साडेसहा ते नऊ. आता गावातल्या बायांनी सह्या गोळा करून दारूबंदीचं मतदान लावून घेतलं होतं. रविवारी चिठ्ठीवर दोन चित्रं असणार होती. उभी बाटली म्हणजे हॉटेल चालू, आडवी म्हणजे कुलूप.

सह्या गोळा करणारीचं नाव कमलबाई. हिंमतरावांची बायको.

"वैनींना सांगून बघा की," कल्याणप्पा म्हणाला.

"तिला सांगता आलं असतं, तर मी इथं कशाला येऊन बसलो असतो?"

एवढ्या दुःखातही त्यांचं लक्ष ताटलीकडं गेलं. "मल्लेश, कांदा बारीक चिर म्हणून किती वेळा सांगू रे?" ते उठून भटारखान्यात गेले. आचारी मल्लेशला भाजीतलं मीठ सांगितलं, भाकरी कशी थापायची ते दाखवलं, गॅस बारीक केला. आचारी मान डोलवत राहिला. ते बाहेर पडताच त्यानं गॅस परत मोठा केला.

आठवडाभर हिंमतरावांनी हातपाय मारून बघितले. सून हर्षालीला चहा पिता पिता हळूच विचारलं, "कुणाला देणार गं मत?"

"गुप्त असतंय, आबा," ती म्हणाली आणि कप उचलून घेऊन गेली. त्यात अजून अर्धा चहा होता.

शनिवारी दुपारी देवळाच्या मंडपात बायांची शेवटची सभा भरली. हिंमतरावांनी हार मानली. ते थेट मंडपात गेले, टोपी काढली, हात जोडले.

"बायांनो, तुमी जिंकल्या. हॉटेलात रोज बसणाऱ्या आमच्या चौदा जणांच्या वतीनं सांगतो. हॉटेल बंद झालं की आमी कुठंबी न्हाय जाणार. रोज साडेसहाला घरी. टीव्हीपुढं न्हाय, तुमच्याजवळ स्वयंपाकघरात बसू. पीठ बघू, मीठ चाखू, दिवसभर काय काय केलं ते इचारू. तुळजाभवानीची शपथ!"

 एकीनं तोंडाला पदर लावला. कमलबाई खाली बघत राहिली. हिंमतरावांचेच डोळे भरून आले. आपल्या बोलण्यानं बायको एवढी हललेली त्यांनी लग्नापासून बघितली नव्हती.

रविवारी शाळेत मतदान झालं. संध्याकाळी मोजणी. आडवी तेवीस, उभी सहाशे एकोणीस.

पोरांनी कल्याणप्पाला खांद्यावर घेतलं. हलगी वाजली. हिंमतराव मात्र गर्दीतून बाहेर पडले. घरी कमल एकटी बसली असेल, कुणाशी बोलत नसेल, या विचारानं ते झपाझप घराकडं निघाले.

कमलबाई कणीक मळत होती. ते पाट ओढून तिच्याशेजारी बसले.

"जाऊ दे, कमल. लई मनाला लावून घेऊ नको. हॉटेल चालू राहिलं तरी माझा शब्द तो शब्द. आजपासून मी घरीच." त्यांनी परातीत वाकून बघितलं. "कणीक जरा घट्ट वाटतीया."

कमलबाईनं हात धुतले. दारातल्या चपला आणून त्यांच्यापुढं ठेवल्या.

"उठा. साडेसहा वाजत आले."

"अगं, पण तू हरलीस..."

"कोण हरलं?" कमलबाई म्हणाली. "काल तुमी मंडपातनं गेलात, अन् मी परत दारोदार फिरले. उभ्या बाटलीसाठी."