बारा डबे

पहिल्या रोपाची पट्टी सोडून मंजुषाने कलमाच्या डोळ्याला बोट लावलं. डोळा काळा पडला होता. त्याचा देठ वाळून तसाच चिकटून बसला होता. तिने डब्यावरचा ठिपका पाहिला. लाल.

बजाजनगरातल्या घराच्या त्या गच्चीवर तेलाचे बारा रिकामे डबे ओळीने मांडले होते. प्रत्येकात जंबेरी लिंबाचं एक रोप, आणि रोपावर अण्णांनी स्वतःच्या हाताने भरलेला मोसंबीचा एकेक डोळा. खाली मांडवात अण्णांच्या तेराव्याची दुसरी पंगत बसत होती.

"मंजे, पाहुणे तुझी चौकशी करायलेत, अन् तू हितं मातीत हात घालून बसलीस व्हय?" साहेबरावकाका धापा टाकत जिना चढून आले. अण्णांचे धाकटे भाऊ. मोसंबीच्या बागांच्या पाचोडहून पहाटेच आले होते.

"डोळा भरल्याला आज एकविसावा दिवस आहे, काका. पट्ट्या आजच सोडायच्या."

"उद्या सोड की."

"आजच. हेदी वाट बघत असतील."

"कोण हेदी?"

"अण्णांचे दोस्त. ट्युनिशियाचे. संत्र्याची बाग आहे त्यांची."

"अन् हा दोस्त कुठं भेटला?"

"भेटले कुठं! तीन वर्षं फोनवरच." मंजुषाने दुसरी गाठ सोडायला घेतली. "डोळा भरताना सालीवरची आडवी चीर उभीच्या वर द्यायची की खाली, यावरून भांडले दोघं. अण्णा वर द्यायचे."

"सगळं पाचोड वरच देतं."

"हेदी म्हणायचे, खाली द्या, पाणी आत शिरत नाही. शेवटी पैज लागली. लाल ठिपक्याचे सहा अण्णांच्या रीतीचे, निळ्या ठिपक्याचे सहा त्यांच्या."

काका नाकातल्या नाकात हसले. "तीस वर्षं कारखान्यात लेथवर उभा राहिला, अन् शेवटी पैज लावली मोसंबीवर. ती बी समुद्रापल्याडच्या माणसाशी." पण ते खाली गेले नाहीत. शेजारी उकिडवे बसले आणि खिशातून अण्णांचा कलमाचा चाकू काढला. आठवण म्हणून सकाळीच त्यांनी तो मागून घेतला होता. तिला न सुटणाऱ्या गाठी ते टोकाने उचकटून देऊ लागले.

लाल. काळा. पुन्हा लाल, पुन्हा काळा. मग पहिला निळा आला. बोट लागताच देठ गळून पडला आणि आतला डोळा हिरवागार निघाला.

"धरला की," काकांच्या तोंडून निघून गेलं.

बारावी पट्टी सुटली तेव्हा निळ्यांतले चार जगले होते. लालमधला एक.

"हे कळवणार त्याला?"

"हो."

"उलटं कळव. लाल चार, निळा एक. त्याला तिकडून काय दिसायलंय?" काकांचा आवाज चढला. "गेलेल्या माणसाला हरवतीस व्हय? सख्ख्या बापाला?"

दवाखान्यात नाकात नळी असताना अण्णांनी तिला एवढंच विचारलं होतं, डब्यांना पाणी घातलं का. तिने रोज घातलं होतं. बाराही डब्यांना सारखं.

"खोटंच कळवायचं असतं, तर त्यांनी बारा डबे कशाला भरले असते, काका?"

काका सुटलेल्या पट्ट्या गोळा करू लागले.

तिने अण्णांचा फोन घेतला आणि एकेका डोळ्याचा फोटो काढला. डोळा केवढा आहे ते कळावं म्हणून अण्णा शेजारी अंगठा धरायचे. तिनेही धरला. बारा फोटो गेले. खाली तिने लिहिलं, लाल एक, निळे चार. पुढे अण्णा गेल्याचं वाक्य दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. शेवटी नुसता हिशेबच पाठवला.

उत्तर लगेच आलं. फोनने त्याचं मराठी करून दाखवलं.

'हा अंगठा कोणाचा?'

मंजुषाने बोटाने जुने फोटो मागे सरकवले. तीन वर्षांच्या प्रत्येक फोटोत तोच अंगठा होता, लेथवर दुभंगलेल्या नखाचा. तिने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग एका दमात लिहिलं, 'त्यांच्या मुलीचा. अण्णा गेले. आज तेरावा दिवस. पैज तुम्ही जिंकलात.'

पलीकडे माणूस लिहू लागला, थांबला. पुन्हा लिहू लागला, पुन्हा थांबला. खालून कुणीतरी बुंदीसाठी हाक मारत होतं.

"झालं," काका गुडघ्यांवर हात टेकून उठले. "आता कशाला लिहितोय तो. चल खाली."

ती हलली नाही.

फोन थरथरला. आधी फोटो आला. उन्हातल्या भिंतीशी काळ्या पिशव्यांतली रोपं, अजून डोळा न भरलेली, सहा आणि सहा. शेजारी एक जाडजूड, मातकट अंगठा. खाली एकच ओळ.

'आडवी चीर तू कुठे देतेस? वर की खाली?'

मंजुषाने उभ्या आयुष्यात एकही डोळा भरला नव्हता.

'वर,' तिने लिहिलं. मग काकांपुढे हात पसरला.

"चाकू द्या. अन् शिकवा मला."

काका खालच्या मांडवाकडे बघत राहिले. मग परत उकिडवे बसले, आणि चाकू फिरवून त्यांनी मूठ तिच्याकडे केली.

"अंगठा सांभाळ," ते म्हणाले.