पणजीचं नाव येईपर्यंत
सॅमन माशानं गळावरची पिसांची खोटी माशी तोंडात धरली, की मी काठी हिसकायची आणि तो निसटायचा. आज हंगामाचा शेवटचा दिवस. आमच्या आइसलँडात पहिला सॅमन पकडणाऱ्यानं त्याच्या पाठीवरचा इवलासा पर दातांनी तोडून खायचा असतो. मला तो खायचाच होता! “मासा वळेपर्यंत थांब, बये,” आजी म्हणाली. “तुझ्यापासून घरातल्या बायकांची नावं म्हण. माझ्या आईचं आलं, की उचल काठी.” “हिला एवढा दम निघतोय होय!” आजीची मैत्रीण आउस्दिस खिदळली. तेवढ्यात दोरी ताणली गेली. हात शिवशिवले, पण मी ओरडले, “ब्रिन्या, हिल्दिगुन्नुरची मुलगी! हिल्दिगुन्नुर, सोल्वेगची! सोल्वेग, थोर्गेर्दुरची!” आणि काठी उचलली. मासा पक्का अडकला! काठावर आणून पर कचकन चावला. थंडगार, रबरासारखा! आजी हसत म्हणाली, “माझी आई पळाली असती. तिला माशाचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही!”