पावडर की रंग

डोंबिवली एमआयडीसीत गुणाजीची पावडर कोटिंगची शेड होती. तिथे सबनीस साहेब विमानाच्या चाकाजवळचा एक ब्रॅकेट घेऊन आले. असे शेकडो यायचे होते. त्यांना पावडर कोटिंग करायचं की रंग मारायचा, ते आज ठरणार होतं.

"डोळे मिटून पावडर करा, साहेब," गुणाजी म्हणाला. "धोंड्याच्या महिन्यात जावयाला स्कूटर दिली ना, सेकंडहँड. पुढचा दांडा चिरलेला, वेल्डिंग मारलेलं. वर असा जाड कोट चढवला की चीर कुठे होती ते आता मलाच सापडत नाही. पोरगा नवी समजून टिटवाळाभर उडवतोय."

सबनीसांनी ब्रॅकेट पुन्हा पिशवीत टाकला. "मग आम्ही रंगच मारतो. रंगाचा थर पातळ असतो, खाली चीर पडली की वर लगेच दिसते. उडायच्या आधी आम्हाला ती दिसायलाच हवी."

ऑर्डर गेली. तरी गुणाजीने चहा मागवला, पण एक घोट घेऊन कप खाली ठेवला आणि लेकीला फोन लावला.

"मंजे, जावईबापू निघाले का? नाही ना? बरं झालं. त्यांना म्हणावं, ट्रेनने या. स्कूटर मी टेम्पो घेऊन येतो न्यायला. अगं, दिलेलं वाण परत घेत नाहीत, माहितीये मला. दुसरी देतो."

पलीकडून मंजुळाने काहीतरी विचारलं. गुणाजीने सबनीसांकडे पाठ केली.

"हो, सेकंडहँडच. पण तिला मी हात लावणार नाही."