हळू मशीन

बाबा लखनौच्या एका संशोधन संस्थेत होते. त्यांचा 'सी' या कंप्यूटरच्या भाषेतला प्रोग्राम समीकरणं सोडवायला तासन् तास घ्यायचा, आणि मध्येच बत्ती गेली की पुन्हा पहिल्यापासून! विकास नगरला घरी पोहोचेपर्यंत त्यांच्यात जेवायचंही त्राण नसायचं.

मी अकरावीत, नुकतीच 'सी' शिकलेली, म्हणजे काय विचारता! आतेभावाने गणिताच्या तयार फंक्शन्सची लायब्ररी फ्लॉपीवर पाठवली होती. रविवारी बाबांच्या ऑफिसात बसून मी त्यांचे हाताने लिहिलेले लांबलचक लूप काढले आणि लायब्ररीतली फंक्शन्स बसवली. उत्तर तेच आलं, पण हातातला चहा संपायच्या आत.

"क्षितू, कमाल है यार!" बाबा म्हणाले. आता रोज दिवसाउजेडी घरी येणार म्हणून ते लहान मुलासारखे हसत होते.

सोमवारी साहेबांना दाखवून आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले.

"काय म्हणाले साहेब?"

"म्हणाले, देवधरजी, ये क्या कर दिया? मशीन धीमी है, यही लिखकर तो दिल्ली से नया कंप्यूटर माँगा है. अगले हफ्ते वो लोग देखने आ रहे हैं."

बाबांनी डोळे मिटून घेतले.



"तुझ्यावर मात्र खूश आहेत. म्हणाले, मुलगी एवढी हुशार आहे, तर मंजुरी येईपर्यंत प्रोग्राम पुन्हा हळू करायचं कामही तिलाच द्या."