मक्याच्या कणसाची साखर

चिमूटभर पावडर जिभेवर ठेवून साजियानं डोळे मिटले. गोड होती. मागून थोडा गारवा आला. झायलिटॉलच होतं, मधुमेहींना चालणारी साखर.

त्यासाठी चौदा महिने गेले होते. जालना एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कारखान्यांतून दाणे काढलेली मक्याची कणसं टेम्पोनं यायची. ती आम्लाच्या पाण्यात शिजवून त्यांतली साखर सुटी करायची आणि त्या रसात यीस्ट सोडायचं. यीस्ट त्या साखरेचं झायलिटॉल करतं, असं पुस्तकात होतं. साजिया काम करायची त्या राधेश्याम शेठच्या कारखान्यातल्या टाकीत मात्र ते मरायचं. शिजवलेला रस त्याला सोसत नव्हता. दर खेपेला जे थोडं जगायचं ते साजिया बाजूला काढायची, जपायची, पुढच्या रसात सोडायची. एकतिसाव्या खेपेला ते तगलं.

शेठनी नमुना तपासायला पुण्याला पाठवला. उरलेली पाव किलो पावडर साजिया संध्याकाळी घरी घेऊन आली.

तिचे अब्बा, निजामोद्दीन, तीस वर्षं भोकरदन रोडवर टेम्पो चालवत होते. वाटेतल्या प्रत्येक हॉटेलात तीन चमचे साखरेचा चहा ठरलेला. मधुमेहानं आता पायाची दोन बोटं नेली होती, किडन्या थकल्या होत्या. सहा वर्षं फिका चहा समोर आला की ते तोंड फिरवायचे.

"अम्मी, ही अब्बांच्या चहात टाक. दिवसाला दोन चमचे, जास्त न्हाई. हिनं शुगर फारशी वाढत न्हाई."

मैमूनानं बरणी उजेडात धरली. "कणसाची म्हणतेस?"

"कणसाची."

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी एक घोट घेतला आणि कप तसाच हातात धरून ठेवला.

"साजिया," ते म्हणाले, "बराबर साखरेसारखी झाली बघ तुझी चीज."

त्यांनी कप तळापर्यंत रिकामा केला. साजिया त्या दिवशी कामावर उशिरा पोचली.

नऊ दिवस अब्बा चहाची वाट बघत, बोलत, टेम्पोच्या दिवसांतल्या गोष्टी सांगत. दहाव्या दिवशी साजियानं त्यांच्या बोटाला सुई टोचून शुगर बघितली. तीनशे दहा. मशीन बिघडलं असेल म्हणून तिनं पुन्हा बघितली. तीनशे चोवीस.

तिला एकच कारण सुचलं. कणसाच्या रसात ग्लुकोजही असतं. म्हणजे पावडर साफ झालीच नव्हती.

"अम्मी, पावडर बंद कर. आजच."

"बरं," मैमूना म्हणाली. ती भांडी घासत होती, तिनं मागं वळून बघितलं नाही.

पण आकडा उतरेना. "औषध वाढवायचं का, डॉक्टरांना विचारू या," साजिया म्हणाली.

"मी विचारून आल्ते. हेच चालू ठेवा म्हणाले."

"मी येते तुझ्यासोबत."

"तू कामावर जा बेटा."

पाचव्या दिवशी अब्बांचा श्वास जड झाला. दुपार कलल्यावर, असरच्या अजानच्या सुमारास ते गेले.

चार दिवसांनी साजिया कामावर आली तेव्हा राधेश्याम शेठ दारातच उभे होते. मातीला ते येऊन गेले होते; आता कामाचं कसं काढावं ते त्यांना कळत नव्हतं.

"पोरी, टूथपेस्टवाले माल मागून राह्यले."

"माल द्यायचा न्हाई शेठजी. त्यात खोट आहे."

"पुण्याचा रिपोर्ट तर येऊ दे."

"माझ्या घरी आला रिपोर्ट."

तिनं टाकीत वाफ सोडून यीस्ट मारलं. फ्रिजमधल्या यीस्टच्या बाटल्या एकेक करून प्रेशर कुकरमध्ये ठेवल्या आणि शिट्ट्या होऊ दिल्या. शेठ बघत राहिले. त्यांनी तिला अडवलं नाही.

रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला. झायलिटॉल अठ्ठ्याण्णव टक्के. ग्लुकोज नावालाही नाही.

साजियानं तो दोनदा वाचला. पुन्हा तसं यीस्ट बनवता येईल का, असं शेठनी हळूच विचारलं. येईल, पण कधी ते सांगता येत न्हाई, ती म्हणाली, आणि कागद घेऊन दुपारीच घरी आली.

"अम्मी, पावडर साफ होती. मंग अब्बांची शुगर वाढली कशानं?"

मैमूनानं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"तुझी पावडर मी त्यांना एक दिवस पण दिली न्हाई," ती म्हणाली. "तू ती आणली त्याच दिवशी दुपारी डॉक्टरांनी सांगितल्तं, आता पंधरा-वीस दिवसच उरले, जे मागतील ते द्या. त्यांनी खरी साखर मागितली. आणि म्हणाले, पोरीला सांगू नको, तिला वाटू दे तिचीच आहे."