स्वेटरकाकांचं मत

“रिकाम्या पोटी घेऊ नये, पूर्णविराम. डोस चुकल्यास, स्वल्पविराम, पुढचा डोस...” ताईंचा आवाज अडखळला. मानेवरून घामाचा ओघळ कॉलरच्या आत उतरला, समोरच्या ओळी एकमेकींत मिसळल्या आणि त्यांनी एकदम खालची ओळ वाचली.

समोर बसलेल्या काकांनी प्रुफावरून नजर उचलली नाही. “थांबा. माझी जागा सुटली. डोस चुकल्यासपासून पुन्हा घेऊ.”

जागा काकांची सुटली नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला, बारीक अक्षरांचा कागद असतो ना, जो कोणी कधी वाचत नाही? तो छापण्याआधी या कचेरीत दोघं मिळून वाचतात. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, अगदी स्वल्पविरामासकट. दुसऱ्यानं प्रुफावर बोट ठेवून ती पडताळायची. ताईंसारखं खणखणीत वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. पण मागच्या महिन्यात त्यांच्याकडून एक ओळ गळाली, ती काकांच्याही नजरेतून निसटली आणि सगळी छपाई रद्दीत गेली. साहेबांनी ताईंना आत बोलावून सांगितलं, आणखी एक ओळ गळाली तर उद्यापासून पॅकिंगला. वाचण्यावाचून दुसरं काही करायची ताईंची इच्छाच नव्हती.

काकांना सगळे स्वेटरकाका म्हणत. बारा महिने अंगात तोच राखाडी स्वेटर. डोक्यावरच्या एसीच्या जाळीला त्यांनी स्वतःच्या हातानं पुठ्ठा चिकटवला होता. कचेरीत थंडीवाल्यांचा एक पक्ष होता आणि काका त्याचे पुढारी. गरमीवाल्यांचा पक्ष खिडकीशी बसे. एक जण रिमोट दाबून गारवा वाढवायचा, की दुसरा पाणी प्यायच्या निमित्तानं उठून कमी करायचा. दिवसभर हाच खेळ.

त्या दिवशी साहेब वैतागून खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले. “आज काय तो सोक्षमोक्ष लावा. जास्त हात ज्यांचे, त्यांच्या मनासारखं. मग रिमोट माझ्या कपाटात, आणि पुन्हा कुणी नाव काढायचं नाही. बोला, कोणाकोणाला उकडतंय?”

खिडकीपाशी हात वर झाले. ताईंचाही हात वर गेला, केस सारखे करून खाली आला. हात वर ठेवला असता तर कोणीतरी विचारलंच असतं, ताई, तुम्हाला हो कधीपासून उकडायला लागलं? मग साहेबांनी त्या उकडण्याचा आणि गळालेल्या ओळीचा संबंध जोडला असता. पन्नाशीतल्या बाईनं भर कचेरीत काय सांगायचं? त्यांनी मान खाली घातली.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. घरात बायको आणि मोठी बहीण असलेल्या माणसाला काही गोष्टी न सांगता कळतात. निदान कळायला हव्यात. काकांना कळल्या होत्या. त्यांनी हात वर केला.

एकच हशा झाला. “काका, तुम्ही फितूर?” थंडीवाल्यांपैकी कोणीतरी ओरडलं.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “तुम्हाला उकडतंय?”

“जीव नकोसा होतो,” काका म्हणाले.

नुसतं म्हणून थांबले नाहीत. स्वेटर काढायला लागले. तो कोपराशी अडकला, मग कानाशी अडकला, शेवटी एकदाचा निघून खुर्चीच्या पाठीवर पडला. आतल्या शर्टाच्या बाह्या अर्ध्या आहेत हे कचेरीला पहिल्यांदाच कळलं. मग खुर्चीवर चढून त्यांनी जाळीवरचा पुठ्ठाही ओढून काढला. पुढारीच गेल्यावर आणखी दोघा-तिघांनी हात वर केले आणि गरमीवाले जिंकले. साहेबांनी गारवा वाढवला, रिमोट कपाटात टाकून कुलूप लावलं.

ताईंनी पुन्हा वाचायला घेतलं. मानेला गार वारा लागला. ओळी आपापल्या जागी उभ्या राहिल्या. एक ओळ गळाली नाही, एक टिंब चुकलं नाही. समोर प्रुफावरचं काकांचं बोट मात्र गारठून पांढरं पडलं होतं. ते ताईंना दिसलं, पण वाचणाऱ्यानं ओळीवरून नजर हलवून चालत नाही. त्या वाचत राहिल्या.

जेवणाच्या सुट्टीत साहेब बाहेर पडले. मागोमाग ही दोघं सोडून खोली रिकामी झाली.

“मुलांच्या हाती लागू नये अशा जागी ठेवावे, पूर्णविराम,” ताईंनी वाचलं, आणि त्याच सुरात पुढे म्हणाल्या, “काका, स्वल्पविराम, साहेब गेले, स्वल्पविराम, आता तरी स्वेटर घाला, पूर्णविराम.”

काकांचं बोट जागेवरून हललं नाही. उघड्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत काटा उभा होता.

“मूळ प्रतीत नाही ते वाचू नका, ताई,” ते म्हणाले. “चला, पुढची ओळ घ्या.”