जिभेखालची गोळी

गोळी जिभेखाली दाबून तो घोटभर पाणी प्याला आणि बायकोपुढे आ वासून उभा राहिला. तिने तोंडात डोकावल्यासारखं केलं, "गुणाचे ते," म्हणाली आणि मध काढायला वळली. तेवढ्यात गोळी खिशात गेली.

हे मधाचं खूळ तिच्या डोक्यात अलीकडेच शिरलं होतं. हाडाला चांगला म्हणे. मध कसला, कडूजहर! मधमाश्या कुठल्या फुलांवर बसल्या होत्या कोण जाणे. पण नको म्हणायची सोय नव्हती. त्याने डोळे मिटून चमचा चाटला.

वर्षापूर्वी कामावर शिडीवरून पडून त्याची नडगी मोडली होती. आत धातूची पट्टी बसवली आणि कुठून तरी जंतू येऊन त्या पट्टीलाच चिकटले. जखम भरेना. डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे एकही गोळी चुकवायची नाही. जखम मिटली नाही तर पट्टी काढावी लागेल आणि मग पाय राहील की नाही, सांगता येत नाही. हे ऐकून बायकोने घरी पोचेपर्यंत त्याचा हात सोडला नव्हता.

आणि हा शहाणा रोज गोळी खिशात घालून कामावर जात होता.

संशोधनशाळेत तो सशांची देखभाल करायचा. सगळे त्याला काका म्हणत. तिथला प्रयोग नेमका त्याच्याच दुखण्याचा. सशांच्या पायाच्या हाडात स्क्रू बसवले होते आणि त्यावर मुद्दाम जंतू सोडले होते. अर्ध्या स्क्रूंवर नव्या औषधाचा लेप होता, अर्धे कोरे. कोणाला कोणता, ते प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं. यादी बंद पाकिटात होती. आठव्या आठवड्यात ज्यांचं हाड किडलेलं निघेल त्यांना कायमचं झोपवायचं, धडधाकट ते पुढे ठेवायचे.

अकरा नंबरच्या मादीला तो ससुली म्हणायचा. दुसऱ्या आठवड्यात तिचा पाय सुजला. उजवाच, त्याच्यासारखा. तिने खाणं सोडलं आणि कोपऱ्यात तोंड घालून बसली. त्याच आठवड्यात त्याच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्याचा जीव कळवळला. आपलं काय, आपण काठी घेऊन चालू. हिला काठी कोण देणार?

आपली गोळी तिलाच द्यायची असं त्याने ठरवलं, पण पहिल्याच दिवशी विसरला; गोळी खिशातच राहिली आणि शर्ट धुण्यात गेला. बायको अवाक्षर बोलली नाही. सुटलो बुवा, असं म्हणत दुसऱ्या दिवसापासून तो सावध झाला. गोळी चुरडून केळ्याच्या कापात भरायची आणि कोणी नसताना ससुलीपुढे धरायची. ती मिटक्या मारत खायची. घरी ताटावर बसला की ससुलीपुराण सुरू. बायको म्हणायची, सवतच आणलीत की माझ्यावर!

हळूहळू ससुलीची सूज उतरली, ती उड्या मारू लागली. नवल म्हणजे त्याचीही जखम सुकत चालली. मुक्या जिवाची पुण्याई, दुसरं काय! सहा आठवडे संपले तेव्हा डॉक्टर म्हणाले, औषध छान लागू पडलं, गोळ्या बंद. बायकोने पदर डोळ्यांना लावला. त्याला मान वर करून तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सशांचे एक्स-रे झाले. ससुलीचं हाड स्वच्छ निघालं. पाकीट फोडलं तर तिचा स्क्रू लेपवाला. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, पण काकांना घोर लागला. गुण लेपाचा की आपल्या गोळ्यांचा? बाईंची सगळी मेहनत आपण नासवली की काय? न राहवून त्याने गोळीचं नाव सांगितलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, माणसाची ही गोळी चुकून सशाच्या पोटात गेली तर?

"ही गोळी?" त्या म्हणाल्या. "काका, ससा आठवडाभरसुद्धा टिकायचा नाही. त्याच्या पोटातले चांगले जंतूच मरतात हो. का बरं?"

"काही नाही. आपलं सहज."

तो पिंजऱ्यापाशी गेला. ससुली त्याचं बोट हुंगत केळं शोधत होती. सहा आठवडे रोज खाऊन टुणटुणीत.

घरी आला तेव्हा बायको मधाची बाटली घासून पुसत होती. शेजारी खलबत्ता धुऊन पालथा घातलेला होता. तो सवयीने समोर जाऊन उभा राहिला.

"आता मध नाही," ती मागे न बघता म्हणाली. "डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्यात ना तुमच्या. आणि ससुलीलाही कॅल्शियम पुरे झालं."